कबुतरजाळीची पारख: दर जाळीचा विचारतात, काम कडेला बिघडतं

मुंबई-पुण्यात विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावर एकच जाहिरात दिसते: कबुतर जाळी, पाच वर्षं गॅरंटी, चौरस फुटाला इतके रुपये. फोन केला की पलीकडून दोनच प्रश्न येतात, बाल्कनी किती बाय किती आणि मजला कितवा. जाळी कसली, दोरा किती जाडीचा, हुक कशाचे आणि किती अंतरावर, हे जाळीवाला आपणहून सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. मग दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या कोपऱ्यातून पारवा आत शिरतो, एसीच्या मागे काटक्या टाकतो आणि जाळी "फुकट गेली" असं घरात ठरतं.

बहुतेक वेळा जाळी शाबूत असते. सुटलेली असते ती कड. म्हणून या परीक्षणात जाळीच्या धाग्याइतकंच वजन हुकांना, दोराला आणि बसवणाऱ्याच्या हाताला दिलं आहे. बाजारात मिळणारे बाकीचे उपायही पाहिले आहेत. त्यांतले काही कामाचे आहेत, बरेचसे नाहीत.

आधी जाळीचा माल

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला पारदर्शक नायलॉनचा, एकेरी धाग्याचा. मासे पकडायच्या तंगुसासारखा दिसतो. दुसरा नायलॉनच्याच अनेक बारीक तंतूंना पीळ देऊन केलेला, हाताला मऊ लागणारा. तिसरा एचडीपीईचा, म्हणजे प्लॅस्टिकच्या जाडसर तंतूंना पीळ देऊन गाठी मारलेला, किंचित कडक आणि राठ.

पारदर्शक जाळी विकायला सगळ्यात सोपी. नमुना हातात धरला की "दिसतच नाही" म्हणून लोक खूश होतात. तिचा तोटाही तोच आहे: ती पाखरालाही दिसत नाही. वेगात आलेलं कबूतर तिच्यावर आदळतं आणि धागा बारीक असल्याने पंख किंवा पाय अडकतो. शिवाय नायलॉन पाणी शोषतं आणि ओलं झालं की थोडं लांबतं. त्यामुळे मे महिन्यात ताठ दिसणारी जाळी जुलैत पोट काढते. पश्चिमेच्या उन्हात असली तर दोन-तीन वर्षांत धागा पिवळट आणि ठिसूळ होतो, नखाने ओढला तरी तुटतो. पाचपैकी दोन गुण.

पिळाचं नायलॉन मजबूत असतं, पण धूळ धरून ठेवतं. रस्त्याकडेच्या घरात पांढरी जाळी वर्षभरात राखाडी होते. तीन गुण.

घरासाठी घ्यायची ती एचडीपीईची. पाणी शोषत नाही, पावसाळ्यात लांबत नाही, धुतली की धूळ जाते. दोरा ०.८ ते १ मिलिमीटर जाडीचा असावा आणि त्यात ऊन सोसण्यासाठीचं मिश्रण असावं. रंगात काळी सर्वोत्तम. काळ्या रंगासाठी घातलेली काजळी उन्हापासून प्लॅस्टिकचं रक्षण करते. दुसरं म्हणजे घरातून बाहेरच्या उजेडाकडे पाहताना काळा धागा डोळ्यांना लवकर दिसेनासा होतो, तर पांढरा उन्हात चमकत राहतो. दुकानात गिऱ्हाईक पांढरी किंवा पारदर्शक मागतं आणि घरी आल्यावर तीच खुपते. साडेचार गुण. अर्धा कापला तो गाठींसाठी, कारण गाठींशी कचरा आणि पिसं अडकतात.

"एचडीपीई आहे" असं म्हणत नायलॉन गळ्यात मारण्याचा प्रकार होतो. तपासणी अगदी सोपी आहे. नमुन्याचा तुकडा पाण्याच्या वाडग्यात घ्या, बोटांनी चोळून त्यातले हवेचे बुडबुडे काढा, तळाशी दाबा आणि सोडा. एचडीपीई पाण्यापेक्षा हलकं असल्याने वर येतं, नायलॉन तळाशी राहतं. बुडबुडे काढायला विसरलात तर नायलॉनही तरंगेल आणि उगाच फसाल.

भोक किती मोठं

पारव्यासाठी चौकोनाची बाजू ५० मिलिमीटरपेक्षा मोठी नको. आपल्याकडे ४० ते ४५ मिमीची जाळी सहज मिळते आणि ती पुरते. इथे एक घोळ कायम होतो. काही विक्रेते चौकोनाची एक बाजू मोजतात, काही जाळी ताणून समोरासमोरच्या गाठींमधलं अंतर मोजतात. ताणून मोजलेले १०० मिमी म्हणजे बाजूचे ५०. त्यामुळे आकडा विचारण्यापेक्षा पट्टी घेऊन एका गाठीपासून शेजारच्या गाठीपर्यंत स्वतः मोजा.

"जितकं भोक लहान तितकं चांगलं" हा समज खर्चिक आहे. भोक लहान झालं की धागा वाढतो, वजन वाढतं, वारा जास्त अडतो, धूळ जास्त बसते आणि हुकांवर ओढ वाढते. चिमण्याही अडवायच्या असतील तर १९-२० मिमीची जाळी लागते. पण चिमणी, शिंजीर, बुलबुल यांचा बाल्कनीत त्रास तो किती? कुंडीतल्या जास्वंदीवर शिंजीर येत असेल तर ४५-५० मिमीच ठेवा. बारीक पाखरं येतील-जातील, कबूतर बाहेर राहील. लोणच्याच्या किंवा पापडाच्या वाळवणासाठी जाळी हवी असेल तर वाळवणावर वेगळं कापड टाकणं स्वस्त पडतं.

आता कडेचं काम

उदाहरण घेऊ. बाल्कनी १० फूट रुंद, कठड्याच्या बाहेरच्या तळापासून वरच्या स्लॅबपर्यंत उंची ८ फूट. क्षेत्रफळ ८० चौरस फूट. चांगल्या एचडीपीई जाळीचा बसवण्यासकट दर चौरस फुटाला साधारण १५ ते ३० रुपयांच्या दरम्यान असतो, म्हणजे २० रुपयांनी १,६०० रुपये. बहुतेक जण लहान कामाला किमान रक्कम लावतात, त्यामुळे एकट्या खिडकीसाठी बोलावणं महाग पडतं. बाल्कनी, खिडक्या आणि स्वयंपाकघराचा ड्राय एरिया एकत्र करून घ्यावा.

याच बाल्कनीचा परीघ ३६ फूट. दर फुटाला एक हुक धरला तर ३६ हुक लागतात, दीड फुटाने लावले तर २४. चौरस फुटाच्या दराने काम घेणाऱ्याला बारा भोकं कमी पाडली की वेळ वाचतो आणि गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी काही फरक दिसत नाही. तो पुढे दिसतो. दोन हुकांमध्ये जाळी आत-बाहेर खेचली जाते, भिंत आणि दोर यांच्यात फट पडते, आणि कबूतर वरून नाही, याच फटीतून डोकं घालून अंग आत ढकलतं. कुठेही फट २५ मिमीपेक्षा जास्त नको. दोन बोटं सहज गेली तर तिथे हुक कमी आहे असं समजा.

हुक स्टेनलेस स्टीलचा हवा, ३०४ दर्जाचा. वसई-विरार, रत्नागिरी किंवा गोव्यात समुद्रासमोर घर असेल तर ३१६ मागा, खारट हवेत ३०४ वरही तांबूस डाग येतात. साधा झिंक चढवलेला हुक वर्ष-दोन वर्षांत गंजतो, त्याचा गंज भिंतीवर ओघळतो आणि सोसायटीचं पत्र येतं. लोहचुंबक जवळ न्या: साधा लोखंडी हुक कडकडून चिकटतो, ३०४ जवळजवळ चिकटत नाही. वाकवलेल्या जागी ३०४ ही किंचित ओढ दाखवू शकतो, तेवढ्यावरून भांडू नका.

हुकासाठी भिंतीत पाडायचं भोक ६ मिमीचं, खोली निदान ४० मिमी. बाहेरचा गिलावाच २० मिमीच्या आसपास असतो. आखूड गिट्टी, म्हणजे हुक धरायला भोकात ठोकायचा प्लग, फक्त गिलाव्यात बसते आणि पहिल्या जोराच्या वाऱ्यात खपलीसकट बाहेर येते. गिट्टी विटेत किंवा काँक्रीटमध्ये गेलीच पाहिजे. स्लॅबच्या किंवा कठड्याच्या अगदी टोकाला भोक पाडलं तर कोपरा फुटतो, धारेपासून ४०-५० मिमी आत यावं. नव्या इमारतींत भिंती सिपोरेक्सच्या हलक्या ठोकळ्यांच्या असतात. त्यात नेहमीची गिट्टी हुक पिळताना गरगर फिरत राहते. तिथे लांब नायलॉन गिट्टी किंवा केमिकल अँकर (रसायन भरून पक्का केलेला) लागतो, आणि बसवणाऱ्याला भोक पाडताना पांढरा भुसा दिसला की हे कळायला हवं. तो तसाच पुढे गेला तर त्याला थांबवा.

भोक नेहमी उभ्या पृष्ठभागावर पाडावं. कठड्याच्या सपाट माथ्यावर पाडलेल्या भोकात पावसाचं पाणी साचतं, आत झिरपतं आणि खालच्या घराच्या छताला ओल येते. नाइलाजाने पाडावं लागलंच तर हुकाभोवती सिलिकॉन भरून घ्या. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या चौकटीत तर ड्रिल लावूच देऊ नका. लोखंडी रेलिंगला भोक पाडायची गरजच नसते. त्याला काळ्या रंगाचे, ऊन सोसणारे केबल टाय किंवा दोर बांधता येतो. पांढरे टाय उन्हात एका वर्षात कडकड तुटतात.

हुकांतून कडेचा दोर जातो आणि जाळी त्या दोरावर ओवली जाते. सर्वोत्तम म्हणजे २ मिमीची स्टेनलेस वायर, कोपऱ्यांत वायर क्लॅम्प आणि ताण देण्यासाठी टर्नबकल. घरगुती कामात हे क्वचित मिळतं, मागितलं तर दर वाढतो, आणि १२ फुटांपेक्षा रुंद बाल्कनीला किंवा वरच्या मजल्यांना तो वाढीव दर द्यावा. लहान बाल्कनीला ३-४ मिमीचा एचडीपीई दोर चालतो. चालत नाही तो किराणा बांधायचा चमकदार प्लॅस्टिकचा सुतळीवजा दोर. जाळी पाच वर्षांची आणि तिला धरणारा दोर एका उन्हाळ्याचा, असं काम सर्रास होतं.

ओवताना कडेचं प्रत्येक भोक दोरात गेलं पाहिजे. घाईत काम करणारा तीन-चार भोकं सोडून एक ओवतो. जाळी ताणलेली दिसते, पण सोडलेल्या भोकांच्या जागी कड झालरीसारखी लोंबते. बसवण्याचा क्रमही पाहा: आधी वरची कड, मधून दोन्हीकडे, मग बाजू, शेवटी तळ, आणि ताण तळाला द्यायचा. उलट क्रमाने बसवलेली जाळी वर ढिली पडते आणि दुरुस्त करायला सगळं सोडावं लागतं. काम झाल्यावर मधोमध तळहाताने दाबा. जाळी दबून लगेच जागेवर आली पाहिजे. दबलेलीच राहिली तर कबुतरं तिला लटकून झोके घेतील, आणि त्यांच्या वजनाने ती आणखी खाली येईल.

जाळी कठड्याच्या आतून लावायची की बाहेरून? आतून लावणं सोपं आणि सुरक्षित, पण कठड्याचा माथा कबुतरांना बसायला मोकळा राहतो आणि विष्ठा तिथेच पडत राहते. बाहेरून, स्लॅबच्या तोंडावर लावलेली जाळी हाच खरा उपाय. काचेच्या रेलिंगला तर आतून लावण्यात अर्थच नाही, कारण काच आणि स्लॅब यांच्यामधल्या फटीतून कबूतर येतं. बाहेरून काम करताना माणूस कठड्यापलीकडे जातो. त्याचा सेफ्टी बेल्ट कॉलमला किंवा खोलीच्या आतल्या पक्क्या आधाराला बांधलेला हवा, रेलिंगला नव्हे. बेल्ट न आणता आलेल्या माणसाला परत पाठवा, दर कितीही कमी असो.

झिपची जागा

एसीचं बाहेरचं यंत्र जाळीच्या पलीकडे असेल तर सर्व्हिसवाला आल्यावर काय होतं? तो ब्लेडने जाळी कापतो, काम करतो आणि सुतळीने टाके घालून जातो. दोन महिन्यांनी तीच जागा कबुतरांचं दार होते. म्हणून एसी, गीझरचा पाइप, डिश अँटेना यांसमोर जाळीला झिप किंवा एकावर एक येणारी दुपदरी चीर ठेवायला सांगा. चीर असेल तर दोन्ही पदर निदान सहा इंच एकमेकांवर यावेत आणि मध्ये आकडे असावेत. हे काम आधी सांगितलं तर थोड्या पैशांत होतं, नंतर पुन्हा फेरी लागते.

एसीच्या मागची जागा हा कबुतरांचा सगळ्यात आवडता कोपरा. खाली सपाट, मागे भिंत, वर सावली. यंत्र छज्जावर असेल तर त्याच्यासाठी वेगळी छोटी जाळी लागते, बाल्कनीच्या जाळीचा उपयोग होत नाही. जाळीने हवा अडत नाही, थंडावा कमी होण्याची भीती बाळगू नका.

बाकीचे उपाय

अदृश्य ग्रिल, म्हणजे ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये ताणलेल्या, नायलॉनचं आवरण असलेल्या ३१६ स्टीलच्या उभ्या तारा. देखणं काम आहे, मुलांच्या सुरक्षेसाठी जाळीपेक्षा खूपच बरं, आणि खर्च जाळीच्या पाच-दहा पट. कबुतरांसाठी घ्यायचं असेल तर तारांमधलं अंतर दोन इंच सांगा. बरेच विक्रेते भाव कमी दाखवण्यासाठी तीन किंवा चार इंचांचा दर सांगतात, आणि त्यातून कबूतर अंग आखडून सहज आत येतं. तारा ढिल्या पडल्यास पुन्हा ताणून देण्याची अट बिलावर लिहून घ्या. पैसा असेल तर चार गुण.

काटे, म्हणजे पट्टीवर बसवलेले स्टीलचे उभे खिळे. खिडकीचा अरुंद छज्जा, पाइपचा माथा, बोर्डाची कड यांसाठी उत्तम. एक ओळ साधारण चार इंच रुंदी सांभाळते. छज्जा एक फूट रुंद असताना एकच ओळ लावली तर मागच्या जागेत कबूतर आरामात बसतं. उलट, काट्यांमध्ये काटक्या अडकवून घरटंही करतं, आणि मग काटेच घरट्याला आधार देतात. चिकटवण्याआधी जागा घासून, पूर्ण वाळवून मग सिलिकॉन लावावं. धुळीवर चिकटवलेली पट्टी पहिल्याच पावसात खाली येते, आणि खाली कोणाच्या तरी डोक्यावर येते. बाल्कनीच्या उघड्या तोंडाला काटे निरुपयोगी.

चिकट जेल घेऊ नका. उन्हात पातळ होऊन भिंतीवर ओघळतं, धूळ बसली की चिकटपणा जातो, आणि तोवर त्यात अडकतात त्या चिमण्या आणि सरडे. शून्य गुण.

चमकत्या फिती, जुन्या सीडी, प्लॅस्टिकचं घुबड, रबरी साप: पहिले काही दिवस परिणाम दिसतो, मग कबूतर घुबडाच्या डोक्यावर बसतं. अल्ट्रासॉनिक यंत्रं सर्वांत मोठी दिशाभूल करतात. माणसाला ऐकू येत नाही इतक्या वरच्या पट्टीचा आवाज कबुतरालाही ऐकू येत नाही, उंच आवाजाच्या बाबतीत त्याचा कान आपल्यापेक्षा तोकडाच आहे. डांबराच्या गोळ्या ठेवणं घातक आहे. उघड्यावर वास टिकत नाही आणि लहान मूल तोंडात घालण्याचा धोका मात्र राहतो.

बसवणारा कोण

खांबावरच्या नंबरवाला जाळीवाला स्वस्त, दुसऱ्या दिवशी हजर, आणि हात चांगला असेल तर काम सुबक. त्याच्याकडून बिल मिळणं कठीण आणि दोन वर्षांनी नंबर लागणं त्याहून कठीण. ऑनलाइन ॲपवरून येणारा माणूस बहुतेक वेळा असाच स्थानिक कारागीर असतो, ॲप मध्ये आपला हिस्सा घेतं, पण तक्रारीला एक जागा मिळते. पेस्ट कंट्रोलच्या मोठ्या कंपन्या सर्वांत महाग, त्यांच्याकडून वायर-टर्नबकलचं पक्कं काम मिळण्याची शक्यता जास्त, आणि सोसायटीच्या डक्टसारख्या (पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या पोकळीच्या) कामाला त्यांनाच बोलवावं. डक्टच्या माथ्यावरची आडवी जाळी म्हणजे वेगळंच प्रकरण आहे. तिच्यावर पानं, पिसं, मेलेली पाखरं साचतात, म्हणून मधून आधाराच्या तारा आणि प्लंबरला आत जायला दार लागतं. ते नसेल तर पहिल्याच गळतीच्या वेळी जाळी कापली जाईल.

तयार पाकीट आणून स्वतः लावता येईल का? तळमजला, पहिला मजला, किंवा आतून लावायची खिडकी असेल तर जरूर. बाहेर वाकून लावायची असेल तर मुळीच नको. पाकिटातले हुक बहुधा स्वस्तातले असतात, ते बाजूला ठेवून हार्डवेअरच्या दुकानातून स्टीलचे घ्या.

गॅरंटी या शब्दात काय येतं, हे लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. पाच वर्षं बहुधा फक्त धाग्याची असतात. हुक निघणं, दोर तुटणं, कोपरा सुटणं त्यात नसतं, आणि बिघडतं तेच. बिलावर एवढं हवं: माल एचडीपीई, चौकोनाची बाजू, दोऱ्याची जाडी, हुकाचा दर्जा आणि अंतर, बसवणीची गॅरंटी किती महिने. संक्रांतीत मांज्याने चिरलेली किंवा दिवाळीत फटाक्याने जळालेली जाळी कोणीच गॅरंटीत धरत नाही. त्यासाठी दोन हात जाळीचा तुकडा आणि थोडा दोर जपून ठेवायला मागून घ्या, ठिगळ तिथल्या तिथे लागतं.

सोसायटीची परवानगी आणि जाळीचा रंग आधी विचारावा. उंच इमारतीतल्या रेफ्यूज एरियाला, म्हणजे आगीच्या वेळी आसऱ्यासाठी राखलेल्या जागेला, जाळी लावून वाट बंद करू नये. आणि कबुतरजाळी म्हणजे मुलांसाठीची सुरक्षाजाळी नव्हे, दोन्ही एकच म्हणून विकल्या जातात तरीही. मुलाचं किंवा मांजराचं वजन झेलायचं तर जाड दोरा, वायर आणि जास्त खोल अँकर असलेलं वेगळं काम लागतं.

बसवण्याच्या आधी

घरटं असेल तर घाई करू नका. पारवा बहुधा दोन अंडी घालतो, सतरा ते एकोणीस दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढे चार-पाच आठवड्यांत उडतात. पिल्लं आत ठेवून जाळी लावली तर ती उपाशी मरतात, वास आणि किडे घरात येतात, आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदाही आहेच. पिल्लं उडाली की पुढची अंडी पडायच्या आत, त्याच आठवड्यात काम उरकून घ्या. ही जोडी वर्षभर वीण घालते, म्हणून "मोसम संपू दे" असं थांबण्यात अर्थ नाही.

मग सफाई. वाळलेली विष्ठा झाडूने झाडणं ही सर्वांत मोठी चूक. तिची धूळ श्वासातून फुप्फुसात जाते आणि काहींना त्यातून फुप्फुसांचा चिवट आजार जडतो. मुंबईतल्या कबुतरखान्यांवरचा वाद पेटला त्यामागेही हेच कारण होतं. २०२५ च्या जुलैत राज्य सरकारने शहरातले ५१ कबुतरखाने बंद करायला सांगितलं आणि ऑगस्टच्या सुरुवातीला दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला गेला. घरची सफाई अशी करा: एन-९५ मास्क, हातमोजे, विष्ठेवर साबणाचं पाणी शिंपडून पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या, पत्र्याने खरवडा, ओल्या कागदात गुंडाळून दोन पिशव्यांत भरा. जागा साबणाने धुवून स्वच्छ झाल्यावरच एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं लावा. ब्लीच आणि संडास धुण्याचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. विष्ठेवर थेट ब्लीच ओतणंही टाळा. संगमरवरावर ब्लीचऐवजी साबणच वापरा. घरटं काढल्यावर त्यातले बारीक किडे यजमान शोधत घरात शिरतात, म्हणून घरटं काढलं त्याच दिवशी जागा धुवून टाका.

जाळी लागल्यावर पहिले दोन-तीन आठवडे जुनी जोडी परत परत येते, जाळीवर झडप घालते, कोपरे चाचपते. हाच परीक्षेचा काळ. रोज सकाळी चारही कोपरे आणि पाइप भिंतीत शिरतो ती जागा पाहा, कारण फट असेल तर ती त्यांना तुमच्याआधी सापडते. पाइपभोवती जाळी चिरून तशीच सोडलेली असेल तर तिथे केबल टायने आवळून घ्या. पुढे वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, हुक हाताने हलवून पाहिले आणि नळीने जाळी धुतली की पुरे. वरच्या मजल्यावरून कोणी ज्वारी-चणे टाकत असेल तर जाळी बाहेर कबुतरांची गर्दी कमी करणार नाही, ते सोसायटीच्या सभेत बोलायचं काम आहे.

आणि एखादं कबूतर आत सापडलंच तर त्याला हाकलत पळवू नका, ते जाळीवर धडकून अडकतं. खालच्या एका कोपऱ्याचा दोर दोन-तीन हुकांतून सोडवा, जाळी हातभर वर गुंडाळा, घरातले दिवे बंद करून दार लावा. उजेडाकडे जाऊन ते सहसा थोड्या वेळात निघून जातं. धाग्यात अडकलं असेल तर अंगावर जुना टॉवेल टाकून धरा आणि धागा ओढू नका, बारीक कात्रीने पाखराजवळून कापा, पंखाभोवतीचे वेढे एकेक करून काढा. हात पोहोचत नसेल तर अग्निशमन दलाला १०१ वर कळवा, कठड्यावर चढू नका. दोर परत बांधताना पहिल्या भोकापासून पुन्हा ओवत या. मधूनच गाठ मारून सोडलं तर पुढच्या खेपेला कबूतर तिथूनच येईल.